पेन धुवायला घेतलेलं अल्ट्रासॉनिक यंत्र: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

चष्मे आणि दागिने धुण्यासाठी विकतात ते छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र मी यंदा पावसाळ्याच्या तोंडावर शाईच्या पेनांसाठी घेतलं. माझी पेनं आहेतच, शिवाय नात्यातले, ओळखीतले लोक कपाट आवरताना सापडलेली जुनी पेनं आणून देतात. त्यामुळे यंत्राला काम भरपूर मिळालं. आधीच सांगते: यंत्र चांगलं आहे, पण ठरावीक पेनांसाठीच. पेन कशाचं बनलंय हे कळल्याशिवाय ते यंत्रातच काय, कोमट पाण्यातही घालू नका.

आधी चांगलं. स्टीलच्या भांड्याखालची चकती सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरते, पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि फटीत बसलेली शाई सुटते. स्टीलची निब, प्लास्टिकची जीभ (निबेखालचा, तिला शाई पोचवणारा भाग) आणि आत वाळलेली साधी निळी शाई, असं पेन असेल तर हे यंत्र लाजवाब. कॅमलची रॉयल ब्लू वर्षानुवर्षं आत वाळून बसलेलं एक कॉलेजच्या काळातलं पेन माझ्याकडे आलं होतं. कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी, काढता येणारी नळी) काढला, निबकडचा भाग चिमट्यात धरून पाण्यात सोडला आणि बटण दाबलं. जिभेच्या बारीक दात्यांमधून निळे धागे सुटून तळाकडे उतरू लागले, आणि बघता बघता भांडंभर पाणी निळं. दोनदा पाणी बदललं, तिसऱ्यांदा स्वच्छ. रबरी बल्बने पाणी सोडून हेच करायला रात्रभर भिजवावं लागतं.

आता अडचणी. सोबतच्या कागदावर पाच मिनिटांचा वेळ दिलाय. तो चष्म्यांना ठीक, पेनांना फार. एका पेनाच्या निबवरचा सोनेरी मुलामा आधीच एका जागी खरचटलेला होता. तिथून पापुद्रा सुटला आणि निब अर्धी पांढरी दिसायला लागली. एका पारदर्शक पेनाच्या पकडीवर (बोटांनी धरतो त्या भागावर) केसाएवढी चीर होती, ती आट्यांपर्यंत गेली. यंत्र नवं नुकसान करतं असं नाही, पण असलेलं नुकसान फार वेगाने वाढवतं. म्हणून आधी भिंगातून पूर्ण पेन बघणं, आणि मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्या, मध्ये थांबून.

दुसरी गोष्ट कागदावर कुठेच नाही. यंत्र सलग चाललं की पाणी गरम होतं, आणि एबोनाइटला गरम पाणी सोसत नाही. एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेलं रबर. आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीला १९३० च्या दशकापासून हाताने घडवली जाणारी पेनं याचीच. ऊन आणि गरम पाणी लागलं की त्याचा काळा रंग शेवाळी-तपकिरी होतो. माझ्याकडे आलेलं असं एक पेन घरच्यांनी वाळलेली शाई सुटावी म्हणून उकळत्या पाण्यात ठेवलं होतं. टोपण काळंभोर आणि दांडा गढूळ तपकिरी. रंग परत आणायचा तर वरचा थर घासून काढावा लागतो, आणि त्याबरोबर दांड्यावर कोरलेलं नावही जातं. ते नाव आजोबांचं होतं. आम्ही रंग तसाच ठेवला.

सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, पेनांना पाण्यापेक्षा रसायनांची भीती जास्त. डाग काढायला कुणी नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर त्यातलं अ‍ॅसिटोन पृष्ठभागच विरघळवतं, आणि तो धुरकट पट्टा कायमचा राहतो. स्पिरिट आणि सॅनिटायझर तर अ‍ॅक्रिलिकलाही नको, बारीक तडे जातात. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, एवढं बस.

सगळ्यात जीव हळहळला तो एका पार्कर ५१ साठी. १९४१ चं हे डिझाइन: निब जवळजवळ पूर्ण झाकलेली आणि त्या आवरणाखाली शाई धरून ठेवणारा, चकत्या-चकत्यांचा भाग. तिथे शाई वाळली की वरून कितीही पाणी सोडा, आत पोचत नाही. ते आवरण लाखेने बसवलेलं असतं. ६० अंशांच्या आसपास कोरडी ऊब दिली की लाख मऊ होते आणि ते हाताने फिरतं. हे पेन एका दुकानातून ‘दुरुस्त’ होऊन आलं होतं. आवरणावर लोखंडी पक्कडीचे दात उमटलेले आणि कडेला तडा. हेअर ड्रायर लांबून धरून, दर थोड्या वेळाने चाचपत, रबरी हातमोजा घालून जे सुटतं, त्याला पक्कड लावायची गरजच काय? मात्र सेल्युलॉइडचं पेन असेल तर ड्रायरही नको. ते पेट घेणारं द्रव्य आहे.

चायना इंक (चित्रकलेची, वाळल्यावर पाण्यात न सुटणारी काळी शाई) भरून वाळलेल्या पेनापुढे यंत्रानेही हात टेकले.

यंत्रातून निघालेल्या पेनाचं जुनं ग्रीस धुऊन जातं, हेही ध्यानात ठेवा. थेट दांड्यात शाई भरायच्या पेनाच्या आट्यांना नव्याने सिलिकॉन ग्रीस लावलं नाही, तर शाई खिशात. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. आणि शेवटचं पाणी बोअरचं नको. आमच्याकडे ते इतकं जड आहे की जिभेवर पांढरे क्षार बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये स्वस्त मिळतं, मी तेच वापरते.

घ्यावं का? कार्ट्रिज-कन्व्हर्टरची नवी पेनं बरीच असतील आणि शाई सारखी बदलत असाल, तर जरूर घ्या, पण हाताने कधीही थांबवता येतं असंच घ्या. घरात वडिलोपार्जित तीन-चार पेनं असतील, तर मेडिकलमधला कान धुवायचा रबरी बल्ब आणा, टोक कापून पकडीच्या मागच्या तोंडात घट्ट बसेल एवढं ठेवा, आणि गार पाणी हलक्या दाबाने पुन्हा पुन्हा सोडा. यंत्राचे पैसे सिलिकॉन ग्रीस आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर घाला.