ऐरोलीतला जुना सिडको वन बीएचके की घोडबंदरला नवीन बुकिंग?

मामेबहिणीचा फोन आला, "दादा, तू फ्लॅट भाड्याने देतोस ना, मग तूच सांग, ऐरोलीला रिसेल घेऊ की घोडबंदर रोडवर कासारवडवलीला नवीन बुक करू?" राहायचं नाहीये, भाड्याने द्यायचाय. दोन्हीकडचा आकडा घासाघीस करून ७५ लाखांवर आलाय, त्यामुळे तुलना सोपी. तिला जे सांगितलं तेच इथे टाकतोय, बरेच जण ह्याच दोन टोकांत अडकलेले दिसतात.

पहिली गोष्ट, भाड्यातून ईएमआय निघेल हे डोक्यातून काढा. ७५ लाखांवर बँक ८० टक्के म्हणजे ६० लाख देते, ८.५ टक्के धरला तर २० वर्षांचा हप्ता साधारण ५२ हजार. भाडं समजा २२ हजार. म्हणजे दर महिन्याला ३० हजार खिशातून, वर मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, आणि भाडेकरू बदलताना एखादा महिना रिकामा जातोच. स्टॅम्प ड्युटीसाठी लोन मिळत नाही, ती रोख लागते. आणि न्यू टॅक्स रिजीममध्ये असाल तर व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं म्हणून तो तोटा पगारातून वजा होत नाही, हे सीएला विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता वरचा खर्च. स्टॅम्प ड्युटी ठाण्यात पण ७ टक्के आणि नवी मुंबईत पण ७, फक्त बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, म्हणजे इथे सरळ ७५ हजार वाचले. भावजींचं नाव घातलं की सूट गेली. रजिस्ट्रेशन ३० हजार. नवीन बुकिंगला ह्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेचार लाख. रिसेलला जीएसटी नाही, पण ब्रोकर आहे, सोसायटीची ट्रान्सफर फी आहे जी २५ हजारांच्या वर मागता येत नाही, आणि सिडकोची (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, जमीन तिची) ट्रान्सफर फी वेगळी. आणि ५० लाख किंवा वरचा व्यवहार म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा इन्कम टॅक्स, तुम्ही त्याच्या पैशांतून कापून भरायचा असतो. रिसेलमध्ये लोक हे हमखास विसरतात आणि मग नोटीस येते. विकणारा एनआरआय असेल तर तिथे थांबा आणि सीए गाठा, तो हिशोब वेगळा आणि मोठा असतो.

ब्रोकर म्हणतो नवीनमध्ये पैसे स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम होईल तसे जातात, व्याज कमी पडतं. खोटं नाही ते, काम वेळेत झालं तर वाचलेलं व्याज आणि न मिळालेलं भाडं जवळपास फिटतं, फरक राहतो तो जीएसटीचा. पण मॉडेल करारनाम्यात प्लिंथ म्हणजे जोतं होईपर्यंत ४५ टक्के आणि सगळे स्लॅब पडले की ७० टक्क्यांपर्यंत घेता येतात, आणि शेवटी लिफ्ट बसेपर्यंत ९५. खरा मार त्यानंतर उशीर झाला की बसतो, पैसे जवळपास सगळे गेलेले, महिन्याला ४० हजार व्याज चालू आणि भाडं शून्य. वर्षभर लटकलं तर बघा. महारेरात (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) व्याज मागता येतं, ऑर्डरही मिळते, पण बिल्डरने नाही दिलं तर वसुली कलेक्टर ऑफिसमार्फत. म्हणून बुकिंगआधी महारेराच्या साइटवर पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा. आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे करार रजिस्टर झाल्याशिवाय द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी.

कासारवडवलीला सॅम्पल फ्लॅट बघायला आम्ही रविवारी सकाळी गेलो, "स्टेशन २० मिनिटं". मी मुद्दाम मंगळवारी साडेआठला तिथून स्टेशनला निघालो, सव्वा तास लागला, त्यातला अर्धा कंटेनरच्या मागे. मेट्रो ४ चा मार्ग कासारवडवलीपर्यंत आहे हे खरं, पण तो भाव बिल्डरने दरात आधीच लावलेला असतो. दुसरं पाणी. शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला चहा पाजून गेटवरचं रजिस्टर बघितलं, एका दिवसात नऊ टँकर! ते बिल मेंटेनन्समध्ये येतं आणि भाडेकरू पण हेच विचारतो, पाणी किती वेळ.

ऐरोलीला मोरबे धरणाचं पाणी, ट्रान्स हार्बर लोकलवर ठाण्याहून दुसरं स्टेशन, आयटी पार्क जवळ, त्यामुळे भाडेकरू पटकन मिळतो. पण बिल्डिंग जुनी. आम्ही बघितलेल्या फ्लॅटमध्ये बेडरूमला नवीन रंग, मी कपाट जरा सरकवलं तर मागे हातभर ओल. चावी मिळाल्यावर दोन-अडीच लाख घालायची तयारी ठेवा. बँक बिल्डिंगचं वय बघते, बाल्कनी आत घेतलेली असेल तर खोट काढते. जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या लीजवर म्हणजे भाडेपट्ट्यावर, तेव्हा किती वर्षं उरली ते बघायचं. आणि जितके मालक बदलले तितक्या वेळची सिडकोची ट्रान्सफर ऑर्डर हवीच, नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर फिरलेला फ्लॅट घेऊ नका. कोणी गावठाणातला १५ लाख स्वस्त दाखवला तर ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मागा, तिथेच विषय संपतो.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंट, म्हणजे भाड्याचा करार, ११ महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, नोटरीवर भागत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज वाटेल तो मागते, नियम आहे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांचा. माझ्याकडून एका सोसायटीने दोन वर्षं दीड हजार महिना घेतले, नियम छापून दिल्यावर पुढच्या बिलात २१० रुपये आले, मागचे काही परत नाही दिले.

माझं मत विचाराल तर पगार एकच असेल आणि हप्ता लगेच सुरू होणार असेल तर ऐरोली. दोघंही कमावते, चार-पाच वर्षं भाडं नाही आलं तरी चालेल आणि नंतर विकायचाच विचार असेल तर घोडबंदर, पण बिल्डरच्या आधीच्या बिल्डिंगची ओसी बघून. नंतर लोन फेडायची घाई नको, फ्लोटिंग (व्याजदर बदलणाऱ्या) लोनवर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नसतो, बोनस आला की भरत राहायचं.

बहिणीने ऐरोलीला ५१ हजार टोकन द्यायचं ठरवलं होतं, मी थांबवलंय. तीन मालक झालेत आणि मधल्याची ट्रान्सफर ऑर्डर मिळत नाहीये. विकणारे काका म्हणतात गावच्या घरी ट्रंकेत आहे, गणपतीला गेलो की आणतो.