ट्रायकोकार्ड : माल चोख, माहितीपत्रक अर्धवट

बडोद्यात राहून पादरा गावाजवळची भाताची क्यारी (खाचर म्हटले तर इथे कोणाला कळत नाही) सांभाळताना गेले दोन हंगाम मी ट्रायकोकार्ड वापरत आहे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तांदळातील पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी वाढत असते. ती खोडकिड्याच्या (याची अळी भाताचे खोड पोखरते) अंड्यांत आपली अंडी घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. मला मिळालेली कार्डे ताजी होती आणि माश्याही भरपूर निघाल्या.

तक्रार आहे ती सोबतच्या पत्रकाबद्दल. ‘फवारणीनंतर आठ दिवस थांबावे’ आणि मगच कार्डे लावावीत एवढेच त्यात छापले आहे. कोणती फवारणी, याचा उल्लेख नाही. पहिल्या वर्षी फिप्रोनिल हे कीटकनाशक फवारून नवव्या दिवशी मी कार्डाच्या पट्ट्या टाचल्या, तरी गाभेमर (अळीने आतून पोखरल्याने मधला पोंगा वाळणे) थांबली नाही. ही माशी उडते थोडे आणि चालते फार. शृंगिकांनी पान चाचपत ती अंडी शोधते, म्हणून थेंब वाळल्यावर उरलेला थरही पायांवाटे तिला बाधतो. खोडकिड्याच्या अंड्यांचे पुंजके असतात पानाच्या शेंड्याजवळ, आणि फवाराही तिथेच अधिक बसतो. जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कीटकनाशकांच्या अवशेषांच्या टिकाऊपणाचे चार वर्ग केले आहेत : ५ दिवसांहून कमी, ५ ते १५, १६ ते ३० आणि ३० दिवसांहून अधिक. या सर्वांना एकच ‘आठ दिवस’ लावणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

यंदा फवारलेल्या पानांचे शेंडे काही दिवसांच्या अंतराने कापून मी परीक्षानळीत ठेवले, त्यात नुकत्याच निघालेल्या माश्या सोडल्या, मधाचा ठिपका लावला आणि तोंड मलमलीने बांधले. शेजारी न फवारलेल्या पानाची नळी ठेवली, नाहीतर माश्या कशाने मेल्या हे कळले नसते. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल या दुसऱ्या कीटकनाशकाच्या नळीत आणि साध्या नळीत मला फरक दिसला नाही. फिप्रोनिलच्या पानावर मात्र दहाव्या दिवशीही बहुतेक माश्या सकाळपर्यंत तळाशी पडल्या होत्या. चाचणी घरगुती आहे, पण पत्रकापेक्षा उपयोगी ठरली.

अडचण अशी की कार्ड थांबत नाही : फ्रिजमध्ये ते थोडेच दिवस टिकते, बाहेर काढले की माश्या निघू लागतात. म्हणून आता मी फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव वहीत पाहूनच कार्डांची मागणी नोंदवतो. दुकानदार अजून ते विचारत नाही.