आग-धुराच्या इफेक्टचा मराठी कोर्स घ्यायलात? आधी हे वाचा

परभणी, हिंगोली, नांदेडकडं लग्नाचे, जयंतीचे, वाढदिवसाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांसाठी लिहायलोय. इन्स्टावर एक जाहिरात फिरायली, खरी वाटणारी आग अन् धूर आफ्टर इफेक्ट्समध्ये (व्हिडिओत इफेक्ट टाकायचं सॉफ्टवेअर) मराठीतून शिका, प्रोजेक्ट फाइल अन् प्लगइन फ्री, 3,500 रुपये. डेमोत जुन्या गढीच्या दारातून ज्वाळा निघायल्यात, बघून कुणालाबी वाटंल की शिकवणारा पक्का आहे. माझे पैसे त्यातच गेले.

पैसे टाकल्यावर ड्राइव्हची लिंक आली. आत शिकवणं काहीच नाही, आगीची तयार क्लिप ओढायची, लेयरचा मोड स्क्रीन (काळा भाग गायब करणारा) करायचा, झाला इफेक्ट. प्रोजेक्ट फाइल उघडून लेयर सिलेक्ट करून ई दाबलं की लावलेले इफेक्ट दिसतात, तिथं एकबी नव्हता, लेयर म्हणजे नुसती व्हिडिओ फाइल. मग शंका आली म्हणून त्या क्लिपवर एक्स्पोजर टाकून वाढवत नेलं तर काळं बॅकग्राउंड करडं झालं अन् त्यात तिरका वॉटरमार्क उमटला, एका स्टॉक साइटचा. चोरीचा माल नुसता काळा करून विकायलेत! असली क्लिप गिऱ्हाइकाच्या व्हिडिओत गेली अन् क्लिपच्या मालकानं कॉपीराइटचा क्लेम टाकला तर निस्तरायचं आपल्यालाच.

धुराचं तर त्याहून वाईट. स्क्रीन मोडमध्ये काळा रंग गायबच होतो, म्हणून काळ्या धुराला अल्फा चॅनलवाली, म्हणजे पारदर्शक बॅकग्राउंडची क्लिप लागते. हे विचारलं तर म्हणे ओपॅसिटी वाढव. ज्याला एवढंबी माहीत नाही तो काय शिकवणार?

अन् तो फ्री प्लगइन म्हणजे पासवर्ड लावलेली झिप, वर सूचना की अँटीव्हायरस बंद करून टाका. मी टाकला नाही, पण सेलूच्या एका पोरानं टाकला अन् लगेच त्याचं इन्स्टा पेज हातचं गेलं, लई मेहनतीनं वाढवलेलं होतं हो ते.

पैसे वापस मागितले तर क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाक, रिफंड येईल म्हणला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नसतो, पिन टाकला की खात्यातून जातात. नाही म्हणलं तर ब्लॉक केलं, ग्रुपमधूनबी काढलं.

खरी पद्धत फुकट शिकता येते. सॉलिडवर (एकरंगी लेयरवर) फ्रॅक्टल नॉइज इफेक्ट टाका, इव्होल्युशनला कीफ्रेम द्या, ऑफसेट वरच्या दिशेनं पळवा, मास्कला फेदर, वरून टर्ब्युलंट डिस्प्लेस, रंगासाठी ट्रायटोन, मग मोड अ‍ॅड. अन् आगीचा उजेड आजूबाजूच्या भिंतीवर हलता दिसला पाहिजे, तो नसला की आग चिकटवल्यासारखी दिसते, हे बरेच जण विसरतात. खरंखुरं सिम्युलेशन पाहिजे तर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात 2.82 व्हर्जनपासून आग-धुराचं मँटाफ्लो इंजिन आहे, 2020 मध्ये आलं. पीसीला रॅम मात्र पाहिजे.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, जेवढं लवकर तेवढं पैसे अडकवून ठेवायचा चान्स जास्त. यूपीआयचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर), चॅट अन् जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण ब्लॉक केल्यावर ते पेज मला दिसंनाच. अन् तक्रार प्रत्येकानं आपापली करा, माझ्या तक्रारीत तुमची रक्कम येणार नाही.