बायोडेटाच्या पहिल्या ओळीत काय लिहावं : एच-इंडेक्स की एकूण सायटेशन?

कॅसचा, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेचा, अर्ज भरायची वेळ आली की आमच्याकडची तरुण मंडळी हमखास विचारतात, "सर, वर काय लिहू? एच की टोटल?" परवा नागपुरात महाराजबागेजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना एका मुलीने हेच विचारलं. तिथे नीट उत्तर देता आलं नाही, कारण प्लेट एका हातात होती आणि लिंबू दुसऱ्या. म्हणून इथे लिहितो. मी स्वतः सहा वर्षं टोटल वर लिहीत होतो. आता एच लिहितो.

हे आकडे कसे काढतात ते फार सांगत बसत नाही : सायटेशन म्हणजे आपल्या पेपराचा दुसऱ्या पेपरांत झालेला उल्लेख, टोटल म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज, आणि एच १३ म्हणजे निदान तेरा-तेरा उल्लेख मिळालेले आपले तेरा पेपर. ज्याला अर्ज भरायचाय त्याला ते पाठ असतं. माझा हिशेब तेवढा मांडतो. मी मातीचा माणूस, म्हणजे मातीवर संशोधन करणारा. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा, कळमेश्वरकडची कपाशीची वावरं, आणि त्या सगळ्यांखालची काळी माती. पेपर ४६. एकूण सायटेशन १,५१२. एच १३. तिन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून घेतलेले.

टोटलच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती बाजू वाटते तितकी लंगडी नाही. टोटल काही फेकून देत नाही. एचच्या हिशेबात मात्र तेरा वेळा उल्लेख झालेला पेपर आणि तीनशे वेळा झालेला पेपर सारखेच. वरचं सगळं पाण्यात. नवीन माणसावर तर एच उघड अन्याय करतो. ज्याचे पाचच पेपर आहेत त्याचा एच पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग ते पाचही जगाने डोक्यावर घेतलेले का असेनात. त्या मुलीचे सात पेपर आहेत. तिच्यापुरतं बोलायचं तर माझी आवड लागू होत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण टोटल नेमकं काय मोजते, याचा विचार आम्हा मातीवाल्यांना लवकर करावा लागतो. १९५६ साली सुब्बय्या आणि असिजा यांनी 'करंट सायन्स'मध्ये मातीतलं उपलब्ध नत्र मोजायची एक झटपट पद्धत दिली. पेपर अवघा दोन पानांचा. आज देशातल्या कुठल्याही कृषी महाविद्यालयातला प्रबंध उघडा, 'साहित्य व पद्धती'मध्ये ही दोन नावं सापडणारच. किती जणांनी ती दोन पानं पाहिली असतील? मी स्वतः ती पीएचडी झाल्यावर चार वर्षांनी वाचली, तोवर गाईडच्या प्रबंधातून संदर्भ जसाच्या तसा उतरवत होतो. जगभरातही हीच तऱ्हा. 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखलेल्या पेपरांची यादी काढली, तेव्हा पहिला होता लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा पेपर, तीन लाखांवर सायटेशन असलेला. डीएनएची रचना नाही, सापेक्षतावाद नाही. परीक्षानळीतला निळा रंग मोजायची रीत. पद्धत देणं लहान काम नव्हे, माझा आक्षेप तो नाही. सायटेशन म्हणजे दर वेळी दाद असते असं नाही, पुष्कळदा ती नुसती सवय असते, एवढंच.

आता माझ्या त्रासाकडे येतो, ज्याने माझ्यापुरता निकाल लावला.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी निरनिराळ्या देशांतून मातीचे नमुने मागवले होते. ओळखीतून माझ्याकडेही निरोप आला. मे महिना, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. आम्ही काटोल रस्त्याने फिरून शून्य ते पंधरा सेंटीमीटर खोलीचे नमुने काढले, सावलीत वाळवले, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले, कापडी पिशव्यांत भरून पाठवून दिले. पिशव्या सहा. पुढे पेपर आला, अठ्ठावन्न लेखकांचा. त्यात मी एकेचाळिसावा. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "पिशव्या तं मी शिवल्या होत्या जी. मंग माझं नाव काहून नाही?" मी हसलो. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

त्या पेपराला आजवर ९८० सायटेशन मिळालीत. म्हणजे माझ्या १,५१२ पैकी जवळजवळ दोनतृतीयांश. पंचवीस वर्षं वावरं तुडवून लिहिलेले बाकीचे पंचेचाळीस पेपर मिळून ५३२.

पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोक अभिनंदन करायचे. मग एका मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी माझा बायोडेटा खालून वर वाचला (तेव्हापासून मला खालून वर वाचणाऱ्यांचा धाक आहे) आणि शांतपणे विचारलं, "या पेपरात तुमचं काम नेमकं काय?" मी म्हणालो, "नमुने, मॅडम." त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. पुढच्या दहा मिनिटांत संत्र्याच्या बागेतल्या जस्ताच्या कमतरतेवरचं माझं खरं काम मी जीव तोडून सांगत होतो, पण खोलीतली हवा बदललेली होती. नंतर आणखी दोन ठिकाणी असाच प्रश्न आला. पहिल्या ओळीत जो आकडा लिहिला होता त्याचीच सफाई देत बसायची वेळ. टोटलवरून माझं मन उडालं ते इथे.

एच लिहायला लागल्यावर हा प्रश्न आलाच नाही. कारण साधं आहे : तो अठ्ठावन्न जणांचा पेपर यादीतून काढला तरी माझा एच फार तर एकाने घटतो. तेराचे बारा. टोटलमधून काढला तर घर रिकामं. एचचा आकडा माझ्या कामाच्या जास्त जवळचा वाटतो, असं मी म्हणेन. सिद्ध करून दाखवू शकणार नाही.

एक ताळा मात्र करून पाहण्यासारखा आहे. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच सुचवला तेव्हा त्यांनी निरीक्षण नोंदवलं होतं की एकूण सायटेशन साधारणपणे एचच्या वर्गाच्या तिप्पट ते पाचपट असतात. तेराचा वर्ग १६९. म्हणजे मला ५०७ ते ८४५ शोभतात. माझ्या नावावर आहेत त्या वर्गाच्या जवळजवळ नऊपट. तो एक पेपर वगळला की ५३२, बरोबर चौकटीत. आपली टोटल अशी बाहेर डोकावत असेल तर त्यात कुठला एक पेपर फुगलाय ते समितीच्या आधी आपण शोधलेलं बरं. तो खरोखर आपला असेल तर गोष्ट वेगळी, मग टोटलच वर लिहा आणि छाती काढून लिहा.

एचचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. तो वाढतो, उतरत कधीच नाही. माणूस काम सोडून सेमिनरी हिल्सवर फिरायला लागला तरी तेवढाच. विषयाविषयांत त्याची तुलना होत नाही. हर्श यांनीच एचला पहिल्या पेपरापासूनच्या वर्षांनी भागायचा उपाय सुचवला होता. आमच्याकडे तो कुणी मागत नाही. वर उल्लेखलेल्या फेकून दिलेल्या सायटेशनसाठी २००६ मध्ये एग्गे यांनी जी-इंडेक्स काढला. चांगला आहे, पण समितीला तो समजावून सांगण्यातच मुलाखत संपते. आणि एचमध्ये लबाडीही करता येते. उंबरठ्यावर अडकलेल्या पेपराला आपल्याच नव्या पेपरातून एक संदर्भ द्यायचा, की तो आत. माझा तेरावा पेपर बारा सायटेशनवर बरेच महिने अडकला होता. शेवटचा संदर्भ कुणी दिला, हे मी इथे सांगणार नाही. अंदाज बांधायला हरकत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचं काय, असंही काही जण विचारतात. नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचा तो आकडा, म्हणजे तो नियतकालिकाचा असतो, तुमचा नव्हे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पेपरचे गुण त्यावरून चढतात हे खरं, दहाच्या वर असेल तर तीस गुण. तेव्हा त्या तक्त्यात निमूट भरा. पहिल्या ओळीत नको.

एकूण काय, एच किंवा टोटल, जो लिहाल त्याच्यापुढे तारीख आणि कुठून घेतला ते लिहाच. सायटेशन मोजणाऱ्या सूच्यांपैकी गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची इतिवृत्तं सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा. स्कोपस निवडक नियतकालिकं धरतं, म्हणून लहान. एकाच माणसाचे दोन एच निघतात आणि दोन्ही खरे असतात. शिवाय आपल्या आडनावांचा गोंधळ आहेच. वानखेडे-वानखडे, ठाकरेचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचं, त्यात वडलांच्या नावाचं आद्याक्षर कधी असतं कधी नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचं अर्धं काम माहेरच्या नावावर राहून जातं. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून घ्या, सोळा आकडी असतो, फुकट मिळतो.

त्या मुलीला मी शेवटी म्हटलं, तुझे सातच पेपर आहेत, तेव्हा तू टोटल लिही आणि खाली दोन पेपरांवर एकेक ओळ लिही, त्यात तू स्वतः काय केलंस ते. तिने विचारलं, "आणि सर, तुम्ही?"

मी माझ्या बायोडेटात वर एच लिहितो. टोटल खाली, आणि तिच्यापुढे कंसात : पैकी ९८० एका ५८-लेखकी पेपरची, त्यात माझा वाटा नमुन्यांपुरता. गेल्या महिन्यात एक ऑनलाइन अर्ज भरला, तिथे एकच चौकट होती, 'एकूण सायटेशन', आणि ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी कंसासकट लिहून पाहिलं. लाल अक्षरांत सूचना आली, फक्त अंक भरा. भरले.