आठ महिने, एक सेंच्युरियन आणि साडेसहा हजारांचा एअरब्रश

प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे जोडून रंगवायचा माझा छंद. डिसेंबरात एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार) आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असा सेट ऑनलाइन मागवला, आता ऑगस्ट संपत आलाय. घेण्याआधी मी ज्यांचे ज्यांचे अनुभव वाचले ते सगळे खोका उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले, 'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत' छापाचे. म्हणून ठरवलं होतं, एक रणगाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवून होत नाही तोवर एक ओळ लिहायची नाही. तो रणगाडा आता कपाटात आहे. सेटच्या ब्रँडचं नाव देत नाही, कारण दिसायला अगदी हाच सेट मला निदान पाच नावांनी विकायला ठेवलेला दिसला.

साडेसहा हजारांत आलं ते असं: वर वाटी असलेला डबल अ‍ॅक्शन एअरब्रश, ०.३ मिलिमीटरची सुई, टाकी नसलेला छोटा पिस्टन कॉम्प्रेसर, त्याला प्रेशरचा काटा आणि हवेतलं पाणी अडवणारी इवलीशी बाटली, शिवाय पाइप आणि स्टँड. पाइप आखूड आहे. बाकी तक्रारी पुढे.

मी बारा वर्षं ब्रशनेच रंगवत होतो आणि त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही. पण एकदा सहज हिशोब केला. ब्रशचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर १:३५ च्या मापात तो साडेतीन मिलिमीटर होतो. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर जणू गिलावाच केला! रिव्हेट बुजतात, वेल्डिंगच्या रेषा बुजतात, आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजून किट आणलं ते नक्षीकाम आपल्याच हाताने झाकलं जातं. (१:३५ हे विचित्र माप आलं कुठून, असं सगळे विचारतात. टामिया या जपानी मॉडेल कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं किट काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील असं माप धरलं, ते निघालं पस्तिसावा हिस्सा. पुढे सगळ्यांनी तेच उचललं.)

किट होतं एएफव्ही क्लबचं, सेंच्युरियन या ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्याचं. तैवानची कंपनी आहे आणि किट देखणं आहे. चाकांच्या सस्पेन्शनला खऱ्या धातूच्या स्प्रिंगा दिल्यात, बोटाने दाबलं की गाडी दबते आणि वर येते. त्या स्प्रिंगा नंतर पत्र्यांआड झाकल्या जातात, तरी मी दोन दिवस नुसता दाबत बसलो होतो. खुणा करायच्या होत्या पूना हॉर्सच्या. १८१७ मध्ये उभी राहिलेली ही भारतीय लष्कराची रणगाडा रेजिमेंट. नावात पुणं असलं तरी तिचं मोठं नाव झालं ते सेंच्युरियनवर, पुण्यापासून खूप लांब. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. खेतरपालांच्या रणगाड्याचं नाव 'फमागुस्ता'. तोच करायचा मोह झाला होता, पण पहिल्यांदाच एअरब्रश हातात घेऊन त्या गाडीला हात लावायचा धीर झाला नाही. म्हणून त्याच रेजिमेंटची एक बिननावाची गाडी करायची ठरवली.

पहिले दोन आठवडे मी फक्त श्रीखंडाचे रिकामे डबे रंगवले. डबल अ‍ॅक्शनचं बटण खाली दाबलं की हवा येते, मागे ओढलं की रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम चुकला की सुईच्या टोकावर थेंब साठतो आणि पुढच्या फवाऱ्याला तो थेट मॉडेलवर थुंकतो. रंग फार पातळ झाला तर पृष्ठभागावर कोळ्यासारखे पाय फुटतात, घट्ट राहिला तर टोकाशीच सुकतो आणि रांगोळीसारखी भुकटी पडते. सगळे सांगतात 'दुधाइतका पातळ करा'. कुठल्या दुधाइतका, ते कोणी सांगत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: टामियाचा अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यांचाच एक्स-२०ए थिनर निम्मे-निम्मे, प्रेशर १५ ते १८ पीएसआय. वाटीच्या कडेला रंग लावून पाहायचा. ओघळ खाली उतरताना मागे पातळ पडदा राहिला तर जमलं.

जमलं तेव्हा मात्र काय वाटलं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. काळ्या प्रायमरवर एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीनचा पहिला हात दिला, कडा आणि खाचा मुद्दाम अंधाऱ्या ठेवल्या. मग त्याच रंगात थोडा पिवळा घालून पत्र्यांच्या मधोमध ढगासारखे ठिपके. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, नुसती हिरवी न राहता उन्हात उभी असल्यासारखी दिसायला लागली. हे ब्रशने मला बारा वर्षांत साधलं नव्हतं, इथे एका संध्याकाळीत झालं.

चाकांची युक्ती सांगतो, कारण त्यात माझा एक महिना वाचला. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक जोडीचं, म्हणजे एकूण चोवीस तबकड्या आणि चोवीस रबरी कडा. पूर्वी ब्रशने कडा रंगवताना मान मोडायची. आता आधी सगळी चाकं रबराच्या काळ्याने मारली. मग इंजिनिअरिंग ड्रॉइंगची वर्तुळं काढायची हिरवी पट्टी असते ना, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती, तिचं बरोबर मापाचं भोक चाकावर धरलं आणि त्यातून हिरवा मारला. एका चाकाला दहा सेकंद. पाच-सहा चाकांनंतर पट्टीच्या खालच्या बाजूला लागलेला रंग पुसायचा, नाहीतर तो पुढच्या चाकाच्या रबरावर उमटतो. माझ्या दोन चाकांवर उमटला आहे. ती मागच्या बाजूला लावलीत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. रंग मारायला वीस मिनिटं लागतात आणि धुवायला चाळीस. हे विकणारा सांगत नाही. प्रत्येक रंग बदलताना वाटी रिकामी करा, थिनर टाका, फवारा, पुसा, पुन्हा थिनर. दिवस संपला की सुई मागून ओढून काढा, नॉझल खोला, इअरबड घाला, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. नॉझल ज्वारीच्या दाण्याएवढं. एकदा बेसिनमध्ये पडलं, मी खालचा पाइप खोलून ते परत मिळवलं आणि तेव्हापासून बेसिनला आधी बूच लावतो. सुई दोनदा वाकली, दोन्ही वेळा माझ्याच घाईने. टोक वाकलं की फवारा एका अंगाला जातो. पहिली सुई बारीक पॉलिश पेपरवर गोल फिरवत सरळ केली, दुसरी टाकून दिली. सुटी सुई मिळायला तीन आठवडे लागले, म्हणून आता दोन जास्तीच्या ठेवल्यात. बायकोचं निरीक्षण असं की, "तू रंगवतोस कमी आणि भांडी जास्त घासतोस." घरातली भांडी त्या मानाने किती घासतो, यावरही एक वाक्य होतं, ते राहू द्या.

एअरब्रश या किमतीला चांगलाच आहे. कॉम्प्रेसर नाही. टाकी नसल्याने तो सतत धडधडतो, आणि बारीक रेघ मारताना त्याची धडधड रेघेत उतरते. पंचवीस मिनिटांत इतका तापतो की हात ठेववत नाही, मग अर्धा तास सुट्टी. खालच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं, "अहो, तुमच्याकडे रात्री पाण्याची मोटर चालू राहते का?" तिसऱ्या महिन्यात पाणी अडवणाऱ्या बाटलीच्या आट्यातून हवा गळायला लागली. विक्रेत्याचं म्हणणं, ती वॉरंटीत येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून टेफ्लॉन टेप आणून गुंडाळली, गळती थांबली.

खरी परीक्षा जुलैत झाली. पुण्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, पडत कमी असला तरी हवेत मुरलेला असतो. दाबलेली हवा पाइपमध्ये थंड होते, त्यातलं पाणी सुटतं आणि ती इवलीशी बाटली दहा मिनिटांत भरते. मग रंगाबरोबर पाण्याचे थेंब बाहेर. त्यातच मी उतावीळपणा करून शेवटचा मॅट लॅकर (चमक घालवणारा वरचा पारदर्शक थर) अशाच एका संध्याकाळी मारला. सुकला तेव्हा अख्खा रणगाडा पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका. सात महिन्यांचं काम! रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा नुसता लेव्हलिंग थिनर (सावकाश सुकणारा थिनर) एकदम हलक्या फवाऱ्याने लांबून मारला, थर किंचित सैल झाला, अडकलेला ओलावा निघाला आणि हिरवा परत आला. दैव बलवत्तर, दुसरं काय. आता बाल्कनीत हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र लावलंय, ७० च्या वर आकडा गेला की त्या दिवशी फक्त चिकटकाम. एक मात्र सांगून ठेवतो, रंग अ‍ॅक्रिलिक असो की लॅकर, खिडकी उघडी आणि तोंडावर फिल्टरवाला मास्क हवाच. साधा कापडी मास्क काही कामाचा नाही, शिंकरलं तर हिरवं येतं.

गेल्या रविवारी धाकटे काका आले होते. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात होते, काही वर्षं नगरलाच. तिथलं रणगाडा संग्रहालय मी शाळेत असताना पहिल्यांदा पाहिलं ते त्यांचं बोट धरून. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सेंच्युरियन चारी बाजूंनी पाहिला, स्प्रिंग दाबून पाहिली, खूश झाले. मग म्हणाले, "अरे, रंग एवढा सारखा कसा? आमच्याकडे स्प्रेगन बिघडलेली असली की चार इंची ब्रशने मारायचे पोरं. जवळ गेलं की केस चिकटलेले दिसायचे." पुढे ट्रॅकवरच्या, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्यांवरच्या मातीकडे बोट दाखवून, "आणि ही काळी माती कुठली? आपल्या शेतातली?" खरंच होती, चाळून आणलेली. बसंतर पंजाबच्या मैदानातली नदी, तिथली माती फिकट राखाडी, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

ट्रॅक काढून धुतले आहेत. टाकीवाल्या कॉम्प्रेसरसाठी पैसे बाजूला टाकतोय, एअरब्रश हाच ठेवणार. आणि उजव्या फेंडरवर काल रात्री चार केसांच्या साध्या ब्रशने, काका म्हणाले तसे, थोडे ओरखडे ओढून पाहिले.