मॅक्रोतील त्रुटी आउटलुकने कळवण्याची सोय : एक परीक्षण

एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे त्यातली कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, दुसऱ्याच्या संगणकावर अडला, की वापरणाऱ्याकडून बहुधा ‘चालत नाही’ एवढेच कळते. त्यावर उपाय म्हणून मॅक्रोनेच आउटलुकमार्फत त्रुटीचा अहवाल परस्पर मेल करावा, ही सोय विंडोजवरील जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकपुरती तरी उत्तम आहे. ‘क्रिएटऑब्जेक्ट’ या आज्ञेने आउटलुक हाती घेऊन नवा मेल तयार करायचा आणि ‘सेंड’ करायचा, एवढ्यावर काम भागते. शिवाय मेल वापरणाऱ्याच्याच खात्यातून जात असल्याने कोडमध्ये पासवर्ड लिहून ठेवावा लागत नाही. सीडीओच्या, म्हणजे आउटलुकविना मेल पाठवणाऱ्या विंडोजमधील घटकाच्या, मार्गात नेमकी हीच पंचाईत होते, आणि असा पासवर्ड लपवायला व्हीबीए (मॅक्रो लिहिण्याची भाषा) प्रकल्पाला घातलेले कुलूप किती तकलादू असते, हे जाणकारांना सांगायला नको.

अहवाल उपयोगी पडेल की नाही, हे मात्र मॅक्रो लिहिणाऱ्याच्या हाती आहे. घडलेल्या त्रुटीची माहिती ठेवणाऱ्या ‘एर’ ऑब्जेक्टमधून त्रुटीचा क्रमांक आणि वर्णन मिळते; पण मेल पाठवणाऱ्या प्रोसीजरमध्ये (कोडच्या भागात) पुन्हा ‘ऑन एरर’ची, म्हणजे त्रुटी आल्यास काय करायचे ते सांगणारी, ओळ आली, तर ती माहिती पुसली जाऊन शून्य क्रमांकाचा कोरा अहवाल पदरी पडतो, म्हणून दोन्ही गोष्टी आधी व्हेरिएबलमध्ये साठवून घ्याव्यात. त्रुटीची ओळ सांगणारे ‘एर्ल’ तर ओळींना आपण स्वतः क्रमांक दिले नसतील, तर शून्यच परत करते. व्हीबीए १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे, तरीही ही उणीव कायम राहावी याचे नवल वाटते. अहवालाला पूर्ण फाइल जोडण्याचा मोह टाळावा, कारण पगारपत्रकाची फाइल असे परस्पर कोणाकडे जाणे योग्य नाही. शीटचे नाव, सेलचा पत्ता आणि एक्सेलची आवृत्ती एवढे बहुतेक वेळा पुरते.

अँटिव्हायरस अद्ययावत नसेल, तर आउटलुक परवानगी विचारते आणि वापरणाऱ्याने नकार दिला की अहवाल जात नाही. आउटलुक बंद असल्यास मेल आउटबॉक्समध्ये अडकून राहू शकतो.

सर्वांत मोठी अडचण नव्या आउटलुकची आहे. त्यात कॉम ऑटोमेशनच, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून चालवून घेण्याची सोयच, नसल्याने, क्लासिक आवृत्ती नसलेल्या संगणकावर त्रुटी कळवणारा कोडच ४२९ क्रमांकाच्या त्रुटीवर अडतो. त्यामुळे ही सोय वापरावी, परंतु मेल पाठवण्याआधी तोच मजकूर सामायिक फोल्डरमधील टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवण्याची व्यवस्था असेल, तरच.