७८ टक्के चार्ज, तरी गाडी उघडेना: इलेक्ट्रिक कारचा नऊ महिन्यांचा अनुभव

सोमवार, १० नोव्हेंबर. पहाटे सव्वापाचला दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका बॅग घेऊन उभे. त्यांना ठाण्याहून कोकणची ट्रेन पकडायची होती. आमच्या सोसायटीत पार्किंग एकामागे एक आहे. त्यांची गाडी आत आणि माझी तिच्या तोंडावर. मी चावी उचलली, बाहेर गेलो, हँडलवरचं बटण दाबलं. काही नाही. रिमोट दाबला. काही नाही. ना आरसे उघडले, ना दिवे लागले. मोबाइलवर अ‍ॅप उघडलं तर त्यात शुक्रवार रात्रीचा आकडा तसाच होता: ७८ टक्के, २२९ किलोमीटर.

ढकलून बाजूला घ्यायचीही सोय नाही, कारण हँडब्रेक इलेक्ट्रिक आहे. दहा मिनिटं खटपट केली आणि शेवटी काका-काकूंना रिक्षा करून दिली. ट्रेन त्यांना मिळाली, मी फोन करून विचारलं. पण रिक्षात बसताना काकू "असू दे रे, होतं असं" म्हणाल्या, ते दिवसभर मनाला लागून राहिलं.

त्या सकाळमुळेच हे लिहायला बसलोय. गाडी गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला घेतली. आजवर ९,८०० किलोमीटर झाली. ४५ युनिटची बॅटरी, सहा एअरबॅग वगैरे माहिती कुठेही मिळेल, ती पुन्हा देत बसत नाही. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण सर्व्हिस सेंटरच्या बिलाचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय पुढचं बरंचसं दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांनाही लागू पडेल.

इलेक्ट्रिक गाडी घेताना आपण सगळे मोठ्या बॅटरीची काळजी करतो. किती वर्षं टिकेल, बदलायला किती लाख लागतील, आग लागेल का. मीही तेच करत होतो. पण बॉनेटखाली आणखी एक बॅटरी असते, पेट्रोल गाडीत असते तशीच साधी १२ व्होल्टची. दरवाज्यांची कुलुपं, अलार्म, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं. मुख्य म्हणजे मोठी बॅटरी गाडीला जोडणारे जे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच असतात, तेही या छोट्या बॅटरीच्या जोरावर जोडले जातात. छोटी उतरली की मोठीत कितीही वीज असो, ती गाडीपर्यंत पोचतच नाही. चार्जिंगची गन लावली तरी उपयोग नाही. चार्जिंग सुरू करायलासुद्धा तेच १२ व्होल्ट लागतात.

मदतीच्या नंबरवर फोन लावला तर पहिला प्रश्न, "सर, गाडी चार्ज केली होती का?" ७८ टक्के आहे म्हटल्यावर, "मग उघडायला हवी होती." माणूस यायला तीन तास लागले. त्याने रिमोट चावीच्या पोटातून लोखंडी चावीचं पातं बाहेर काढलं, ड्रायव्हरच्या हँडलमागची झाकणी उचकटली आणि आतल्या भोकात ते पातं फिरवून दार उघडलं. ते भोक तिथे आहे हे साडेसात महिन्यांत मला कोणी दाखवलं नव्हतं. पायाशी असलेला बॉनेटचा खटका ओढला, बूस्टरचे, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या छोट्या बॅटरीचे, दोन चिमटे लावले आणि पाच सेकंदांत गाडी जागी झाली.

मग सर्व्हिस सेंटर. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. सॉफ्टवेअर अपडेट केलं, १२ व्होल्टची बॅटरी चार्ज केली आणि हातात ९४४ रुपयांचं बिल ठेवलं. तपासणीचे ८०० आणि त्यावर जीएसटी. मी म्हटलं, गाडीला आठ महिने झाले नाहीत, छोट्या बॅटरीची वॉरंटी एक वर्ष आहे, मग पैसे कसले? उत्तर आलं, "बॅटरी टेस्टमध्ये पास आहे सर. फेल असती तर फुकट बदलून दिली असती. तुम्ही गाडी कमी वापरता." शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी पहाटे काढणं याला कमी वापरणं म्हणायचं? शनिवार-रविवार गाडी उभी ठेवणारी निम्मी मुंबई आहे. जाहिरातीत ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मोठ्या अक्षरात दिसते. ती फक्त मोठ्या बॅटरीची असते. हे मी घेताना नीट विचारलं नाही, तुम्ही विचारा. मी ९४४ रुपये भरले आणि त्याच रात्री तक्रारीचा मेल टाकला.

चौदा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, पुन्हा सोमवारी, पुन्हा तेच. या वेळी निदान दार कसं उघडायचं ते माहीत होतं.

इथपर्यंत मी सगळा दोष कंपनीला देत होतो. या दुसऱ्या वेळेनंतर माझं मत बदललं, पूर्ण नाही, पण बरंच.

या खेपेला सर्व्हिस सेंटरला फोन केला नाही. स्टेशनजवळच्या बॅटरीच्या दुकानातला पोरगा क्लॅम्प मीटर घेऊन आला. गाडी बूस्टरने जागी करून, बंद करून, लॉक केली. अर्धा तास थांबून त्याने केबलभोवती मीटर लावला: ०.८ अ‍ॅम्पियर. "काका, झोपलेल्या गाडीने एवढं खायला नको. गाडी जागी आहे." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "चावी कुठे आहे?"

चावी घरात होती. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि पार्किंग आमच्या खिडकीला लागून आहे. दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा चाव्यांचा हूक स्वयंपाकघराच्या दारावरून काढून त्या खिडकीशेजारी लावला होता. हुकापासून गाडीच्या दारापर्यंत भिंत धरून जेमतेम दीड मीटर. चावी खिशातून न काढता उघडणारी गाडी, चावी जवळ आली का म्हणून सतत कानोसा घेत असते. चावी तिथेच लटकलेली, म्हणजे मालक दाराशीच उभा आहे असं समजून गाडी झोपेना. पोराने मला चावी घेऊन गेटपर्यंत पाठवलं. वीस मिनिटांनी मीटरवर ०.०३.

रात्री कागदावर हिशोब केला. छोटी बॅटरी ४५ अ‍ॅम्पियर-तासांची. तासाला ०.८ गेले तर साधारण ५६ तास. शुक्रवारी रात्री नऊ ते सोमवारी पहाटे पाच म्हणजे बरोबर ५६ तास. एरवी गाडी रोज चालते किंवा रात्री चार्जिंगला असते, तेव्हा मोठी बॅटरीच छोटीला भरत राहते. म्हणून इतके दिवस कळलं नाही. रंगकाम झाल्यावर गाडी दोन दिवस सलग उभी राहिल्याबरोबर फटका बसला.

दिवसातून दहा-बारा वेळा अ‍ॅप उघडून टक्के बघायची मला सवय लागली होती. दर वेळी गाडी जागी होऊन उत्तर देते. उभ्या गाडीवर नजर ठेवणारा कॅमेरा मी चोवीस तास चालू ठेवला होता, तोही याच बॅटरीवर चालतो. सुरक्षेसाठी दिलेल्या या सोयींमुळे गाडी दारात बंद पडू शकते, हे विकताना सांगायला हवं. मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे, चावी गाडीपासून दोन मीटरच्या आत ठेवू नये म्हणून. पूजा, हार, फोटो, सगळं मिळून डिलिव्हरीला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात ही एक ओळ कोणीतरी वाचून दाखवायला हवी होती. ९४४ रुपये मी अजूनही मागतोय ते एवढ्यासाठीच. त्यांनी दोन दिवसांत मीटर लावून हा एक प्रश्न विचारला असता तर मी पैसे आनंदाने दिले असते.

चावी भिंतीजवळ असण्याचा दुसरा धोका चोरीचा. एक जण घराच्या भिंतीशी यंत्र धरून चावीचा सिग्नल पकडतो, दुसऱ्याच्या हातातलं यंत्र तो गाडीपाशी सोडतं आणि गाडी उघडते. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. म्हणून चावी आता स्टीलच्या डब्यात राहते. घरातले तीन डबे तपासून पाहिले. चावी आत घालायची, झाकण लावायचं, डबा गाडीच्या दाराशी धरायचा आणि हँडलचं बटण दाबायचं. सैल झाकणाचे दोन डबे नापास झाले, गाडी खुशाल उघडली. लाडवांचा घट्ट झाकणाचा डबा पास झाला. बायकोने आधी कुरकुर केली, पण हँडल हलत नाही हे स्वतः बघितल्यावर डबा देऊन टाकला.

बूस्टर ३,४०० रुपयांना घेतला. तो डिकीत ठेवू नका. डिकी विजेवर उघडते. मी घरात ठेवतो आणि लांब जाताना पुढच्या सीटखाली.

आता चार्जिंग. ज्याची मला सगळ्यात धास्ती होती, त्याने मला सगळ्यात कमी त्रास दिला.

सोसायटीची परवानगी दोन मीटिंगमध्ये मिळाली. सेक्रेटरींची एकच अट होती, वायर पाइपातून न्यायची आणि मीटर वेगळा. मुलुंडला वीज महावितरणची, वाहन चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेतलं. खरी अडचण अर्थिंगची निघाली. आमची इमारत जुनी आहे. पहिल्या रात्री चार्जर लावला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. त्याच पॉइंटवर इस्त्री चालते, ड्रिल चालतं, पण चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि बरी नसेल तर चालूच होत नाही. वायरमनने कुंपणाजवळ खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा-मिठाचे थर भरले, वर पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. खर्च साडेसहा हजार. जुन्या इमारतीत राहत असाल तर गाडी बुक करण्याआधी हे करून घ्या. त्यात सगळ्या इमारतीचं भलं आहे.

मुलुंड ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) जाऊन-येऊन ४५ किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. दोनदा चार्ज केलं की पुरतं. ट्रॅफिकची भीती बाळगू नका. ईस्टर्न एक्स्प्रेसवर तासभर अडकलो तरी एसीला जेमतेम एक-दीड युनिट जातं. बॅटरी खातो तो शंभरच्या पुढचा वेग.

गणपतीला चिपळूणला गेलो. २५ ऑगस्टला पहाटे तीनला १०० टक्क्यांवर निघालो. पाच माणसं, डिकी भरून सामान. माणगावला व्हायची ती कोंडी झालीच, पण कशेडीचा बोगदा पार करून चिपळूणला पोचलो तेव्हा १८ टक्के शिल्लक होते. महाडला एकदा थांबून पाहिलं, तर चार्जर अ‍ॅपमध्ये मोकळा दिसत होता आणि समोर डिझेलची गाडी लावून मालक जेवायला गेलेला. पोटात गोळा आला होता, पण गरज पडली नाही. खरी पंचाईत मामांच्या घरी झाली. संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या आसपास, चार्जर दर पाच मिनिटांनी बंद. मामी म्हणाल्या, "रात्री अकरानंतर लाव, सगळे पंप बंद होतात." तसं केलं, चार्जर १० अ‍ॅम्पियरवर ठेवला आणि दोन रात्रींत गाडी भरली.

पुण्याला जाताना खोपोली ते लोणावळा १२ टक्के गेले. परतताना त्याच घाटात खर्च झालाच नाही, उलट दोन टक्के वाढले. पहिल्यांदा ते आकडे वर जाताना पाहिले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, एका फेरीचे २५० रुपये वाचतात.

पावसाचं थोडक्यात. बॅटरी आयपी ६७ आहे म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते, पण ती चाचणी स्थिर पाण्यातली आणि फक्त बॅटरीची. १९ ऑगस्टला मुंबई तुंबली तेव्हा मी गाडी जागची हलवली नाही. गांधी मार्केटच्या पाण्यात कोणतीच गाडी घालायची नसते.

पैशांचं सांगतो, कारण गाडी घेतली ती त्यासाठीच. घरच्या मीटरचं आजवरचं बिल ११,७०० रुपये, बाहेरच्या चार्जिंगचे ५,९००. जुनी पेट्रोल गाडी शहरात लिटरला १२ द्यायची. १०३ रुपयांच्या पेट्रोलने एवढ्याच अंतराला ८४ हजार लागले असते. त्यातून चार्जिंगचा खर्च, अर्थिंग, बूस्टर आणि ते ९४४ वजा केले तरी पंचावन्न हजारांच्या वर उरले.

तक्रारीच्या मेलला दोनदा "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे" एवढंच उत्तर आलं. तिसरा मेल पाठवलाय, सोबत दोन्ही मीटर रीडिंगचे फोटो, हूक आणि गाडीमधल्या अंतराचा टेप लावलेला फोटो. डिलिव्हरीच्या वेळी ती ओळ वाचून दाखवावी, एवढी लेखी मागणी त्यात केली आहे.

कॅमेरा आता फक्त बाहेर अनोळखी जागी गाडी लावली तरच चालू करतो. अ‍ॅप दिवसातून एकदा. गेल्या सोमवारी पहाटे पाचला मीटर घेऊन खाली गेलो. गाडी शुक्रवार रात्रीपासून जागची हलली नव्हती. बॉनेट उघडून दोन टोकांना मीटर लावला: १२.५ व्होल्ट. वरून काकूंनी खिडकीतून विचारलं, "झाली का रे चालू?" मी गाडी काढून बाजूला लावून दाखवली.